थेट नळाला जोडायचं थंड-गरम पाण्याचं मशीन: आधी पाणी तपासा, मग पाइप जोडा

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेला गावच्याच एका नोकरदार मुलानं थंड-गरम पाण्याचं मशीन भेट दिलं आहे. वर कॅन उलटा ठेवायचं नव्हे, मागून पाइप जोडायचं. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत ३५-४० मुलं-मुली अभ्यासाला बसतात. प्लंबर म्हणतो, गच्चीवरच्या टाकीतून अर्धा इंची पाइप खाली आणतो आणि जोडून देतो, तासाभराचं काम. तर जोडून घ्यावं का? आणि कंपनीचा माणूस खेड्यात यायला तयार नाही, मग सर्व्हिसिंग आपल्याच हातानं जमेल का?

भाऊ, जोडणी तासाभराचीच आहे, प्लंबर खोटं बोलत नाही. पण अडचण जोडणीत नाहीच. आपल्याकडे ही मशीनं पाण्यापायी मरतात. कॉम्प्रेसर सहसा टिकतो. आधी जाते ती गरम पाण्याची टाकी, नाहीतर पाणी आत घेणारा, विजेवर उघडणारा-मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. म्हणून पाइप कुठून आणायचा याच्या आधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: आत जाणारं पाणी कोणतं, आणि त्याला दाब किती. या दोन्हींचं उत्तर गावागणिक बदलतं. त्यामुळे तुमच्या गावाला लागू पडेल ते सांगतोच, पण यवतमाळ किंवा वर्ध्याकडच्या वाचकानं ते जसंच्या तसं उचलू नये.

दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. पिण्यासाठी शहानूर, वान अशा धरणांवरच्या प्रादेशिक योजनांचं पाणी येतं, तेही रोज नाही. मग बहुतेक सार्वजनिक इमारतींत एकच प्रकार दिसतो: गच्चीवर एकच टाकी, योजनेचं पाणी आलं की ते भरायचं, नाही आलं की संडास-बाथरूमसाठी बोअर चालू करून त्याच टाकीत सोडायचं. प्लंबर ज्या टाकीतून पाइप आणणार आहे ती अशीच असेल, तर मशीनला एक दिवस गोडं आणि दोन दिवस खारं पाणी मिळेल. हे आधी पाहा.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा मीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. योजनेचं पाणी, बोअरचं पाणी आणि टाकीतलं पाणी वेगवेगळं मोजा. पण टीडीएसवरच थांबू नका, कारण मशीनचं नुकसान दोन वेगळ्या प्रकारे होतं. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. ते ८५-९० अंशाला तापलं की हीटरवर आणि टाकीच्या भिंतीवर पांढरा खार धरतो. यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या खडकातल्या कितीतरी बोअरला टीडीएस ७००-८०० च असतो, तरी जडपणा जास्त असल्यानं खार धरतो. खारपाणपट्ट्यात उलटं होऊ शकतं. तिथल्या पाण्यात मिठाचा, म्हणजे क्लोराइडचा भाग मोठा. खार कमी धरेल, पण गरम क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. खार धुऊन काढता येतो. भोक पडलेल्या टाकीला उपाय नाही, ती बदलावीच लागते.

त्यामुळे टीडीएस, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड आणि नायट्रेट एवढ्या पाच गोष्टींची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा यासाठीच आहेत, ग्रामपंचायतीमार्फत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरमागे टीडीएस ५०० मिलिग्रॅम चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा; जडपणा २०० आणि ६००; फ्लोराइड १ आणि १.५, नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सूट नाही. ही माणसाच्या पिण्याची मर्यादा झाली. मशीनची मर्यादा याहून कडक धरा: जडपणा २०० च्या वर असला तर गरम टाकीला दर दोन-तीन महिन्यांनी धुण्याची तयारी ठेवा, ३०० च्या वर असला तर थेट जोडूच नका. आणि एक गैरसमज काढून टाका. गरम टाकीतून गेलं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. उकळून जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार जागच्या जागी राहतात. यवतमाळ, चंद्रपूरकडे जिथे फ्लोराइड आहे तिथे हे फार महत्त्वाचं.

तुमच्यासाठी माझा सल्ला: गच्चीवरच्या टाकीचा नाद सोडा. फक्त योजनेचं पाणी साठवायला २०० ते ५०० लिटरची वेगळी झाकणाची टाकी घ्या आणि ती इमारतीच्या आत किंवा पक्क्या सावलीत ठेवा. त्या टाकीला बोअरची लाइन जोडायचीच नाही, मध्ये कॉक ठेवूनही नाही. कॉक कधीतरी कुणीतरी उघडतोच. योजनेचं पाणी पुरत नसेल आणि बोअरवरच भागवायचं असेल तर आरओ लागेल. ताशी २५ लिटरचा पुरे. मग दोन गोष्टी लक्षात ठेवा. खाऱ्या पाण्यावर १०० लिटर शुद्ध पाण्यामागे २०० ते ३०० लिटर पाणी बाहेर पडतं. ते संडासच्या टाकीला जोडा, झाडांना घालू नका. त्यातलं सोडियम काळी जमीन चिकट करून ठेवतं. दुसरी गोष्ट, चव यावी म्हणून आरओत कच्चं पाणी मिसळणारा टीडीएसचा स्क्रू असतो. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर तो पूर्ण बंद ठेवायचा, नाहीतर काढलेलं विष परत मिसळल्यासारखं होतं.

सावलीचं एवढं का सांगतो, तेही बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ४० अंशांच्या पुढे जातं. एक लिटर पाणी ४० वरून १२ अंशांवर आणायला साधारण ३३ वॅट-तास इतकी उष्णता काढावी लागते. या आकाराच्या मशीनची थंड करायची ताकद १०० वॅटच्या आसपास. म्हणजे तासाला तीन लिटर, त्याहून जास्त नाही. ४० मुलांना एकेक ग्लास दिला की आतली थंड टाकी रिकामी आणि पुढच्या मुलाला कोमट पाणी. मशीन खराब झालं अशी ओरड इथूनच सुरू होते. मशीन ठणठणीत असतं, अपेक्षाच चुकलेली असते. हे मशीन कार्यालयातल्या दहा-पंधरा माणसांसाठी बनवलेलं आहे. मुलांच्या मुख्य पिण्यासाठी त्याच टाकीला एक साधा नळ काढून दोन मोठे माठ ठेवा, आणि मशीनचं पाणी वरकड म्हणून वापरा. गरम पाण्याची बाजू बरी आहे. ५०० वॅटचा हीटर लिटरभर पाणी आठ-नऊ मिनिटांत तापवतो, हिवाळ्यात चहा-कॉफीपुरतं निघेल. त्यातून आत बसवायचे कार्बन फिल्टर बहुतेक ३८ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतात. गच्चीचं तापलेलं पाणी त्यांनाही मानवत नाही.

आता दाब. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला एक किलो दाब, हा ढोबळ हिशोब. एकमजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीपासून मशीनच्या मागच्या तोंडापर्यंत तीन मीटर धरा, म्हणजे जेमतेम ०.३ किलो. त्यातला काही फिल्टर खातो. मशीनच्या मागच्या स्टिकरवर पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, बहुतेकांना अर्धा ते एक किलो लागतो. वरचं झाकण उघडून पाहा. आत दांडीचा फुगा आणि त्याला चिकटलेला छोटा व्हॉल्व्ह दिसला तर ते फ्लोटचं मशीन, कमी दाबावरही हळूहळू भरेल. फुग्यातून दोन वायरी निघालेल्या आणि मागे गुंडाळीचा डबा असेल तर सोलेनॉइड. त्याच्या आतला पडदा पाण्याच्या दाबानंच नीट उघडतो-मिटतो. दाब कमी पडला तर तो अर्धवट उघडतो, आणि वाईट म्हणजे अर्धवट मिटतो. रात्री खोली भरून पाणी वाहण्याचं हे एक नेहमीचं कारण.

सावलीत खाली ठेवलेल्या टाकीला दाब आणखी कमी, म्हणून आरओला वापरतात तो २४ व्होल्टचा छोटा बूस्टर पंप लावा. त्याच्यासोबत दोन स्विच हवेतच. पंपाच्या आधी लो-प्रेशर स्विच, म्हणजे टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरत नाही. पंपानंतर हाय-प्रेशर स्विच, अडीच-तीन किलोला बंद करणारा, म्हणजे मशीन भरलं की पंप थांबतो. याउलट कुणाची लाइन मोटरच्या दाबावर थेट असेल तर पंप नको. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तीन किलोच्या खाली आणा. मोटर बंद-चालू होताना बसणारा पाण्याचा धक्का प्लॅस्टिकचे जोड उखडतो.

क्रम असा ठेवा: टाकी, अँगल कॉक, ५ मायक्रॉनचा १० इंची स्पन (गाळ अडवणारा) फिल्टर पारदर्शक बाउलमध्ये, लो-प्रेशर स्विच, पंप, हाय-प्रेशर स्विच, कार्बन ब्लॉक फिल्टर, गळती झाली की बंद होणारा व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग मशीन. बाउल पारदर्शक का, तर पावसाळ्यात योजनेचं गढूळ पाणी आलं की फिल्टर तपकिरी झालेला नुसता बघून कळतो. प्रत्येक वस्तूवर बाण असतो, तो मशीनच्या दिशेनं. गळतीचा व्हॉल्व्ह साधाच असतो: आत दाबलेली चकती, ओली झाली की फुगते आणि पाणी बंद करते. तो मशीनच्या खाली जमिनीला टेकवून ठेवा. अभ्यासिकेत पुस्तकं, चटया, कदाचित संगणकही असतील. एवढ्याशा वस्तूवर पैसे वाचवू नका.

भिंतीतली लाइन अर्धा इंची सीपीव्हीसीची. शेतातला करडा पाइप पिण्याच्या पाण्याला नको. कॉकपासून मशीनपर्यंत पाव इंची फूड-ग्रेड पाइप. तो कात्रीनं कापू नका, तोंड चपटं होतं. नव्या धारदार ब्लेडनं काटकोनात कापा. पुश-फिट जोडात तो दोनदा अडतो. पहिल्या अडकाव्यावर थांबलात तर आतल्या रबर रिंगपर्यंत पाइप पोचलेलाच नसतो. आणखी जोर लावून साधारण दीड सेंटिमीटर आत जाऊ द्या, मग मागे ओढून पाहा, आणि कॉलरखाली लॉकची क्लिप बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं आठ-दहा वेढे. सफेदा आणि सूत पिण्याच्या पाण्याच्या जोडावर अजिबात नको. प्लॅस्टिकचा आटा हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं फक्त अर्धा फेरा. त्यापुढे गेलात तर आज तडकणार नाही, महिन्याभरानं तडकेल. पांढरा पाइप उन्हात असेल तर आत हिरवं शेवाळ धरतं, आणि उंदरांना तो फार आवडतो. म्हणून सगळा पाइप विजेच्या पीव्हीसी नळीतून न्या. या दोन्ही तक्रारी खेड्यात हमखास येतात आणि दोन्ही त्या स्वस्तातल्या नळीनं मिटतात.

मशीन पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. मागे भिंतीपासून १५ सेंटिमीटर मोकळे सोडा, कारण मागच्या जाळीतूनच उष्णता बाहेर पडते. स्टिकरवर हवामानाचा वर्ग असतो. इंग्रजी 'एन' म्हणजे खोलीचं तापमान ३२ पर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याकडे उन्हाळा ४५ पार करतो, म्हणजे 'टी' असलं तरी ते खोलीच्या सगळ्यात थंड कोपऱ्यातच हवं. गाडीत आडवं करून आणलं असेल तर उभं करून २४ तास तसंच ठेवा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांतून परत खाली उतरलं पाहिजे.

विजेचं काम वायरमनकडूनच. मशीन एकूण ६०० वॅटच्या आसपास, तीन अँपिअरही ओढत नाही, पण त्याला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) पाहिजे. आधी अर्थिंग तपासा. नुसत्या मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही. सुकलेल्या खड्ड्याच्या अर्थिंगवरही मीटर तेवढेच दाखवतो. आरसीसीबी बसवण्याआधी वायरमननं फेज-अर्थवर १०० वॅटचा बल्ब लावून पाहावा. पूर्ण उजेड पडला तर ठीक, मिणमिणला तर खड्डा नव्यानं भरा. स्टील, पाणी आणि हीटर एका जागी आहेत आणि मुलं ओल्या हातानं नळ दाबणार आहेत, इथे तडजोड नाही. रब्बीत शेतीपंप सुरू असले की व्होल्टेज पडतं, तेव्हा कॉम्प्रेसर गुरगुरतो, टक्कन बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो. यातच तो जळतो. तीन मिनिटांच्या डिलेचा एक केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा.

पहिल्यांदा चालू करताना घाई करू नका. नवा कार्बन फिल्टर आधी पाइप बादलीत सोडून धुवा, काळी भुकटी निघायला १५-२० लिटर पाणी जातं. मग मशीन जोडा, वीज बंदच. पाणी भरू द्या. गरम पाण्याचा नळ दाबून धरा, आधी हवा फसफसत येईल, मग अखंड धार. ही अखंड धार आल्याशिवाय हीटरचं बटन दाबायचं नाही. गरम टाकी सगळ्यात खाली असते, वर पाणी दिसलं तरी तिच्यात हवा अडकलेली असू शकते. कोरडा हीटर मिनिटभरात जातो. अर्धा तास गळती पाहा, जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, मग आधी थंडचं बटन, तास-दोन तासांनी गरमचं. लाल नळावर मुलांसाठी लॉक असतो, तो काढून टाकू नका. ९० अंशांचं पाणी आहे.

इथवरचं थोडक्यात: योजनेच्या पाण्याची वेगळी, सावलीतली टाकी, कमी दाब असेल तर पंप आणि दोन्ही स्विच, कार्बनच्या आधी ५ मायक्रॉन, पक्कं अर्थिंग, आणि धार आल्यावरच हीटर. हे सगळं प्लंबर आणि वायरमन मिळून एका दिवसात होतं.

सर्व्हिसिंग तुमच्याच हातानं होईल, फक्त ते कशासाठी करायचं हे समजून घ्या. योजनेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग दाखवणारी तपासणी) करतो ती त्यासाठीच. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. कार्बन फिल्टर वास घालवतो, म्हणजे तेच क्लोरीन काढून घेतो. त्यामुळे फिल्टरपुढचं पाणी चवीला गोड, पण बिनरखवालीचं. थंड टाकीत, नळांच्या तोंडात जंतू धरायला आता काही अडवत नाही. आरओचं पाणीही तसंच. म्हणून दर तीन महिन्यांनी आतून निर्जंतुक करणं हा सर्व्हिसिंगचा गाभा आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. फिल्टर बदलला की सर्व्हिस झाली असं समजतात.

आधी खार, मग जंतू, हा क्रम पाळा. खाराच्या थराखाली लपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचत नाही. प्लग काढा, गरम पाणी नळानं काढून टाका, नळाला थंडच पाणी येईपर्यंत. कॉक बंद करा, मागचं बूच काढून सगळं पाणी बादलीत सोडा. बूच लावा. पाच लिटर पाण्यात २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत, विरघळवून वरच्या टाकीत ओता आणि गरम नळाला आंबट पाणी येईपर्यंत नळ दाबा, म्हणजे ते खालच्या टाकीत भरलं. आता प्लग लावून फक्त गरमचं बटन चार-पाच मिनिटं. पाणी ६० अंशांच्या आसपास येतं, तेवढंच हवं. उकळू देऊ नका, जास्त तापलं तर सायट्रिक आणि कॅल्शियमचा नवाच पांढरा गाळ बसतो. प्लग काढून पाऊण तास ठेवा, मग बुचातून सोडा. पांढरे पापुद्रे निघतील. फार निघाले तर पुन्हा एकदा करा. मग साध्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस आत घातलेल्या पाण्याएवढा होईपर्यंत. संडास साफ करायचं ॲसिड इथे वापरू नका, ते स्टीलच खातं. ज्यांच्या मशीनची वरची टाकी सीलबंद आहे त्यांना हे घरी जमणार नाही, तंत्रज्ञच लागेल.

ॲसिड पूर्ण धुतल्यावरच क्लोरीन. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो, म्हणून मध्ये कसूर नको, आणि खिडक्या उघड्या ठेवा. बाजारात मिळणाऱ्या ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण लिटरमागे १ मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरला पाच मिलिलिटर. याला ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणतात. नुसतं हायपोक्लोराइट घ्या, सुगंधी किंवा फेसाचं क्लीनर नको. ते वरच्या टाकीत, म्हणजे कार्बन फिल्टरच्या पुढे घालायचं. फिल्टरमधून सोडलं तर कार्बनच ते गिळतो, आणि आरओचा मेम्ब्रेन (क्षार गाळणारा पडदा) त्यानं खराब होतो. दोन्ही नळांना वास येईपर्यंत पाणी काढा, १५ मिनिटं थांबा, रिकामं करा. रात्रभर ठेवू नका आणि हीटर चालू करू नका. ग्रामपंचायतीतली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यासाठी नको, तिच्यातला न विरघळलेला चुना टाकीत बसतो. वास जाईपर्यंत धुवा. जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, नमुना पिवळा झाला नाही म्हणजे धुणं पुरलं. नळांची तोंडं त्याच द्रावणात बुडवलेल्या ब्रशनं घासा. मुलं बाटलीचं तोंड तिथेच टेकवतात.

बाकीचं किरकोळ आहे. स्पन फिल्टर एरवी तीन महिन्यांनी, जुलै ते सप्टेंबर दर महिन्याला. कार्बन सहा महिन्यांनी, स्वच्छ दिसला तरी. मागची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झाडा. जवळ जिनिंग असेल तर कापसाचे तंतू जाळीवर गादीसारखे बसतात, तिथे पंधरा दिवसांनी. रात्री बंद करताना गरमचं बटन बंद आणि अँगल कॉकही बंद. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीनंतर आठवडाभर बंद राहिलेलं मशीन पुन्हा सुरू करण्याआधी आतलं पाणी सोडून निर्जंतुक करा.

बिघाड ओळखायला फार हत्यारं लागत नाहीत. पाणी भरतच राहिलं आणि वाहू लागलं तर प्लग काढा. वीज गेल्यावरही पाणी येत राहिलं तर सोलेनॉइडमध्ये कचरा अडकला आहे, काढून धुवा. प्लग काढताच थांबलं तर दोष आतल्या फुग्याच्या सेन्सरचा. मुळीच भरत नसेल तर आधी गळतीचा व्हॉल्व्ह ओला होऊन बंद पडलाय का ते बघा, मग स्पन फिल्टर, मग पंप. थंड आहे पण गरम नाही, तर गरम टाकीच्या बाजूला सुरक्षेचं छोटं बटन उडालेलं असतं. प्लग काढून एकदा दाबा. परत उडालं तर दाबत बसू नका, आत खार जास्त झालाय किंवा थर्मोस्टॅट गेलाय. गरम नळ फुरफुरत असेल, धार बारीक झाली असेल, तर तोही खारच. थंड नळाला गरम पाणी येऊ लागलं तर साफसफाईनंतर थंड टाकीतली मधली चकती नीट बसवलेली नाही. तापून फुगलेलं पाणी तिच्याशिवाय वर चढतं. थंड पाण्याची धारच बंद झाली तर टाकीत बर्फ धरला आहे. चार-पाच तास प्लग काढून ठेवा, चाकूनं खरवडू नका, आणि थंडचा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारा स्विच) थोडा कमी गारव्याकडे फिरवा. गरमचं बटन दाबताच आरसीसीबी पडत असेल तर हीटरचं कवच फुटलं आहे. आरसीसीबी काढून मशीन चालवायचा विचारही कुणाला करू देऊ नका. बॉडीला हात लावून झिणझिण्या आल्या तरी हाच नियम: प्लग काढा, वायरमन येईपर्यंत माठाचं पाणी.

कपाटात दोन स्पन फिल्टर, एक कार्बन, पाव इंची जोडाचे चार-पाच नग, बाउलची रबर रिंग आणि एक सोलेनॉइड एवढं ठेवा. सोलेनॉइड घेताना जुन्यावरचं व्होल्टेज वाचा. २४ व्होल्ट डीसीचा आणि २३० व्होल्टचा दिसायला सारखेच, एकाच्या जागी दुसरा लावला की गेला. फिल्टर बदलल्याची तारीख बाउलवर मार्करनं लिहा, कारण अभ्यासिकेतली पोरं बदलत राहतात.

योजनेच्या आणि बोअरच्या पाण्याचे टीडीएस, प्रयोगशाळेच्या अहवालातला जडपणा आणि क्लोराइड, आणि मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा दाब आणि वर्ग एवढं कळवा. त्यावरून आरओ लागेल की योजनेच्या पाण्यावर भागेल आणि पंप कोणता घ्यायचा हे नेमकं सांगता येईल. तोवर प्लंबरला गच्चीवरून पाइप आणू देऊ नका.